बोकड आणायला मद्रासला

मद्रासहून परत आल्यावर आमच्या कुर्डुवाडीच्या रेल्वे चाळीत जो तो एकच विचारी, "रामेश्वर झालं का?" नाही झालं. "मग तिरुपती तरी?" तिरुपतीही राहिलं. एवढ्या लांब माणसं देवाला जातात, नोकरीला जातात, नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात. आम्ही दोघी सासू-सुना बोकड आणायला गेलो होतो. हे ऐकलं की समोरचा माणूस म्हणे, "का हो, कुर्डुवाडीतली बोकडं संपली?"

संपली नव्हती, हीच तर अडचण होती. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, अकरा काळ्या शेळ्या. गावातले सगळे बोकड कुठून ना कुठून त्याच शेळ्यांचे मुलगे नाहीतर भाचे. आत्याबाई म्हणायच्या, "घरातल्या घरात सोयरीक करून रगात पातळ झालंया." दोन वर्षं करडं मरतुकडी निघत होती. त्या साली तर जन्मलेल्यातली निम्मीही उभी राहिली नाहीत. एक करडू आत्याबाईंनी आठ दिवस चुलीपाशी पोत्यात ठेवून कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. नवव्या दिवशी ते गेलं, तेव्हा त्यांनी ते पोतं धुऊन वाळत घातलं आणि म्हणाल्या, "आता लांबचं रगात आणाय पायजे."

किती लांबचं, ते गोपाळरावांमुळे ठरलं. गोपाळराव माझ्या नवऱ्याबरोबर रेल्वेच्या कचेरीत कारकून. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, आईवडील मद्रासला. त्यांच्या लहान मुलीला आमच्याच शेळीचं दूध जाई. ते एकदा सहज बोलून गेले, की आमच्या गल्लीत मलबारी शेळ्या आहेत, एकेका वेताला तीन तीन करडं देतात. आत्याबाईंच्या हातातलं माप तसंच राहिलं. "तीन? आन् तिन्ही जगत्यात?"

"जगतात की. उड्या मारत फिरतात गल्लीभर."

त्या संध्याकाळी आमच्या घरात मद्रासची तयारी सुरू झाली. नवऱ्याला रजा नव्हती, पण रेल्वेचा पास होता. माझी नेमणूक दुभाषी म्हणून झाली. "सूनबाई मॅट्रिक हाय," आत्याबाई चाळभर सांगत सुटल्या, "इंग्रजी बोलंल." मी सोलापूरच्या पेठेत वाढलेली, शेळी जवळ आली की अजून दोन पावलं मागे सरायची. आणि इंग्रजी मी वाचलं होतं, बोलायचा प्रसंग कधी आला नव्हता. पण हे सांगायला फार उशीर झाला होता.

गाडीतल्या प्रवासाचं काही लिहीत नाही. बसून बसून सगळ्यांचीच कंबर सारखी दुखते. गुंतकल मागे पडल्यावर फलाटावरचा माणूस "चाय" ओरडायचा थांबला आणि "काफी" ओरडू लागला, तेव्हा आत्याबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मुलूख बदलला गं."

मद्रास

सेंट्रल स्टेशनावर उतरल्याबरोबर मी हमालाला, रात्रभर घोकलेलं एक वाक्य इंग्रजीत म्हणून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "कहाँ जाना है, अम्मा?" दुभाषी म्हणून माझी कारकीर्द तिथेच संपली असती, पण तेवढ्यात छत्री उंच धरून एक म्हातारे गृहस्थ गर्दीतून पुढे आले. कपाळाला गंध, बंद गळ्याचा कोट, पायात काही नाही. हे गोपाळरावांचे वडील, सेतुमाधवराव.

"यावें, बाईसाहेब, यावें. प्रवास सुखें झाला कीं? आमचा गोपाळ दिसांतून दोन वेळां जेवतो कीं नाही, तें पहिलें सांगा."

आत्याबाई माझ्या कानाशी आल्या. "आगं, ह्यो मानूस पोथीतनं बोलतुया."

खरंच तसं वाटे. त्यांचे पूर्वज तंजावरला गेले तेव्हाची मराठी त्यांनी तशीच डब्यात घालून ठेवली होती, आणि मध्ये मध्ये तमिळ शब्दांची फोडणी. सूरही असा, की प्रत्येक वाक्य शेवटी उंच चढून बसे. आम्हाला त्यांचं बोलणं कळे. त्यांना मात्र आत्याबाईंचं अर्धं कळत नसे, पण ते इतके सभ्य, की सगळ्यालाच "सेरी, सेरी" म्हणत. सेरी म्हणजे बरं. या एका शब्दानं पुढे बराच घोटाळा झाला.

त्यांचं घर तिरुवल्लिकेणीत, देवळामागच्या अरुंद गल्लीत. ट्रामा नुकत्याच बंद झाल्या होत्या, पण रस्त्यात रूळ अजून होते, आणि सेतुमाधवराव ते ओलांडताना दोन्हीकडे वळून पाहत आणि आम्हालाही थांबवत. आत्याबाईही निमूट थांबत. त्यांना वाटलं, इथली रीतच असेल.

घरी तुंगाबाईंनी, म्हणजे सेतुमाधवरावांच्या पत्नीनं, आधी काफी दिली, मग आमच्या येण्याचं कारण पुन्हा एकदा विचारून घेतलं. गोपाळरावांनी पत्रात लिहिलं होतं, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"बोकड? जिवंत?"

"जित्ताच की," आत्याबाई म्हणाल्या.

"आणि तो ह्या घरीं ठेवणार?"

"दोन रातीचा तर प्रश्न हाय."

तुंगाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छत्रीकडे पाहिलं.

जेवण केळीच्या पानावर. भात, त्यावर सांबार, मग पुन्हा भात आणि त्यावर पाण्यासारखं पातळ सार. आमच्याकडे भाकरीनं कालवण अडवता येतं; इथे अडवायला काहीच नाही. माझं सार पानावरून पळालं आणि थेट सेतुमाधवरावांच्या पाटाकडे निघालं. आत्याबाईंनी मात्र भाताचे बांध घातले, उसाला दारं धरावीत तसं सार एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडलं आणि थेंब न सांडता जेवल्या. तुंगाबाई बघत राहिल्या.

"हें सांबार मूळचें आमचें बरें," सेतुमाधवराव अभिमानानं म्हणाले. "ह्या मुलखानें आम्हां मराठ्यांकडून घेतलें."

"घेतलं तर घेतलं," आत्याबाई म्हणाल्या, "आता वापस कशाला मागायचं?"

दुपारी आम्ही गल्लीतल्या त्या शेळ्या बघायला गेलो. मालक मुनुसामी. घराच्या ओट्यावरच तीन शेळ्या बांधलेल्या. लांब पायांच्या, आखूड तुळतुळीत केसांच्या, आणि कास अशी की चालताना दोन्ही मांड्यांना लागावी. आत्याबाईंनी तिघींचे दात पाहिले, कास दाबून पाहिली, पाठीवरून हात फिरवला. मुनुसामी उत्साहानं म्हणाला, "पाल! नल्ल पाल!" आत्याबाई झटकन मागे सरल्या आणि भिंतीवर, आढ्याला, सगळीकडे बघू लागल्या. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध आणि नल्ल म्हणजे चांगलं, हे सेतुमाधवरावांनी सांगेपर्यंत त्यांनी डोक्यावरचा पदर दोनदा झटकला होता.

"बाया चांगल्या हायत," त्या म्हणाल्या. "पर बाया न्हेऊन मी काय करू? बाप्या कुटं हाय ह्यांचा?"

सेतुमाधवराव खाकरले. हा विषय निघाला की ते खाकरत. मुनुसामीशी ते हळू आवाजात काहीतरी बोलले. त्यावर मुनुसामी गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "किडा? कोवलम! नल्ल किडा!"

"किडा लागलाय?" आत्याबाईंचा चेहरा उतरला. "मंग नगं बया."

किडा म्हणजे बोकड. गल्लीतल्या सगळ्या करडांचा बाप कोवलमला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावी, आरोक्यम्मा नावाच्या म्हातारीकडे होता. मुनुसामी दर साली शेळ्या घेऊन तिकडे जाई. "त्याच्यासारखा दुसरा नाही," तो म्हणाला, "पण ती म्हातारी विकणार नाही."

"इकल," आत्याबाई म्हणाल्या.

कोवलम

सकाळच्या बसनं निघालो. मद्रास संपलं की दोन्ही बाजूंना सुरूची झाडं आणि मिठागरं. मिठाचे पांढरे ढीग बघून आत्याबाईंना आधी ती साखरच वाटली, आणि हा मुलूख एवढा श्रीमंत असून भाकरी का करत नाही, याचं नवल वाटलं. कोवलमला उतरलो तशी वाऱ्याबरोबर वाळत्या मासळीची घमघम आली. सेतुमाधवरावांनी कोटाच्या खिशातून कापराची वडी काढून नाकाशी धरली. जन्मभर जॉर्ज टाउनात एका जहाज कंपनीच्या एजंटाकडे कारकुनी केलेला माणूस. हिशेबात मासळीच्या कितीतरी गोण्या त्यांनी चढवल्या होत्या, पण मासा इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच भेटत होता.

समुद्र मीही पहिल्यांदाच पाहत होते. मी उभीच राहिले. आत्याबाईंनी एक नजर टाकली. "एवढं पानी, आन् शेरडाला पाजाय थेंब न्हाई," म्हणाल्या आणि बोकड शोधायला लागल्या.

शोधावा लागला नाही. वाळूत एक होडी उपडी घातली होती आणि तिच्यावर तो उभा होता. पांढरा, मानेवर बदामी रंगाची शाल टाकल्यासारखा, कान लांब, छाती रुंद, आणि उभं राहणं असं, की समोरचा सगळा समुद्र त्याच्या नावावर आहे. मला शेळ्याबकऱ्यांतलं काही कळत नव्हतं, तरी माझेही हात जोडले जायचे बाकी राहिले.

"वा!" आत्याबाईंच्या तोंडून निघून गेलं. "वा! वा!"

तमिळमध्ये वा म्हणजे ये. त्या बोकडानं होडीवरून उडी मारली आणि तो थेट आत्याबाईंपुढे येऊन उभा राहिला.

"बघा," त्या भारावून म्हणाल्या, "मराठी कळती त्येला."

बोकडाच्या मागोमाग, कुणी आपल्याला हाक मारली म्हणून, आरोक्यम्माही आली. साठीची, काळी, कडक बाई. कानाच्या पाळ्या दागिन्यांच्या वजनानं खांद्यापर्यंत लोंबलेल्या, तोंडात पानाचा तोबरा, हातात मासळी उलटायची काठी. तिनं आधी आत्याबाईंना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. आत्याबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत. मग दोघी जमिनीवर बसल्या, आणि मला कळलं, की आता दुभाष्याची फारशी गरज नाही.

आत्याबाईंनी बोकडाचा जबडा उघडला. चार मोठे दात, म्हणजे ऐन उमेदीतला. पण त्या दातांत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते ओढून काढलं. सुकलेल्या माशाचं शेपूट.

"अगं बाई! ह्यो मासं खातुया?"

आरोक्यम्मानं उत्तर म्हणून वाळवणातला एक मासा उचलून त्याच्यापुढे धरला. बोकडानं तो काकडी खावी तसा कुरकुरत खाल्ला. सेतुमाधवराव तोंड फिरवून समुद्राकडे बघू लागले. आत्याबाईंनी ते शेपूट वाळूत टाकलं आणि म्हणाल्या, "खाऊ दे. ज्याच्या त्याच्या मुलखाची रीत." आणि पुढे म्हणाल्या, "आता ह्याची आय दाखवा. बोकड बघून बोकड घेत न्हाईत. आय बघून घेत्यात."

एवढं मात्र सेतुमाधवरावांनी नीट सांगितलं असावं, कारण आरोक्यम्माची नजर जरा बदलली. तिनं झोपडीमागून एक म्हातारी शेळी आणली. आत्याबाईंनी तळहातावर दोन धारा घेतल्या, वास घेतला, चाटून पाहिलं. मग तिच्या कानामागे खाजवत बसल्या. शेळीनं डोळे मिटले. आरोक्यम्मानं पानाची चंची उघडून आत्याबाईंपुढे केली.

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग आरोक्यम्मानं विचारलं, की तुम्हाला हा कशाला हवा?

"सांगा तिला," आत्याबाई सेतुमाधवरावांना म्हणाल्या. "बियाला पायजे. माझ्या अकरा शेळ्यांवर सोडायचाय."

सेतुमाधवराव लाल झाले. त्यांनी छत्री उघडली, मिटली. माझ्याकडे पाहिलं, लगेच नजर वळवली. "सेरी," म्हणाले, आणि आरोक्यम्माला अगदी थोडक्यात, दोन-तीन शब्दांत काहीतरी सांगितलं.

आरोक्यम्मा ताडकन उठली. तिनं बोकडाचा कान धरून त्याला आपल्या मागे ओढलं आणि पानाची पिंक टाकून अशी बोलू लागली, की आजूबाजूच्या झोपड्यांतून बायका बाहेर आल्या. काठी एकदा आमच्याकडे, एकदा बसच्या रस्त्याकडे.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"तें सांगण्याजोगें नाहीं," सेतुमाधवराव म्हणाले.

पानाची चंची परत गेली. आम्ही तिघं उपड्या होडीच्या सावलीला जाऊन बसलो. बसला अजून बराच वेळ होता. आत्याबाईंनी गाठोड्यातून भाकरी काढली, तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला.

"तुजा नवरा म्हयन्याचा हुता," त्या एकाएकी म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "मला दूध न्हवतं. त्येचा बाप त्याच साली गेला. शेजारनीनं एक शेळी दिली, काळी, एका शिंगाची. तिच्या दुदावर वाढला त्यो. आज ज्या अकरा हायत, त्या सगळ्या तिच्याच." भाकरीचा तुकडा त्यांनी परत फडक्यात बांधला. "मी जित्ती असताना त्या संपायच्या म्हंजे काय?"

लग्नानंतरच्या तीन वर्षांत त्या माझ्याशी सलग इतकं कधी बोलल्या नव्हत्या. नुसतं हातावर हात ठेवून बसायची लाज वाटली. मी उठून सेतुमाधवरावांपाशी गेले. ते जरा लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे होते.

"काका, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

मग कापराच्या वडीआडून आवाज आला. "लग्नाकरितां पाहिजे, म्हणून सांगिटलें."

"लग्नाकरिता?"

"मग काय सांगूं, लेकी? बाईसाहेब जें म्हणाल्या, तें मी परक्या बाईपुढें कसें बोलूं? तुजसमोर? म्हटलें, बोकडाचें लग्न. तिजला समजेल, ऐसें वाटलें."

तिला समजलं होतं ते निराळंच. लग्नासाठी बोकड म्हटल्यावर कुणालाही जे समजेल ते. आपल्या राजाचं, हो, त्याचं नाव राजा होतं, मोठ्या पातेल्यात काय होणार, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं.

मी सेतुमाधवरावांना पुन्हा सांगायला विनवलं. ते म्हणाले, "मज होणार नाहीं," आणि मला पटलं, की खरंच होणार नाही. माझं इंग्रजी तिथे मिठाच्या ढिगाइतकंही कामाचं नव्हतं. एकच गोष्ट मला बरी येत होती. शाळेत असताना मी चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास झाले होते.

आरोक्यम्मा मासळी उलटत होती. मी तिच्यासमोर ओल्या वाळूत बसले आणि काडीनं एक सुरी काढली. शेजारी पातेलं. तिचे डोळे बारीक झाले, काठी वर गेली. मी घाईघाईनं दोन्ही चित्रं पायानं पुसून टाकली आणि जोरजोरानं मान हलवली. मग बोकड काढला. कान लांब काढले, मानेवरची शाल काढली. काठी खाली आली. मग शेळ्या काढायला घेतल्या. पाचेक काढून थांबणार होते, पण तोपर्यंत आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अकरा हायत. पुऱ्या काढ. आन् ती कोपऱ्यातली शिंगमोडी हाय, तिला दोन शिंगं का काढलीस?"

मी एक शिंग पुसलं. गावातल्या बायका भोवती जमल्या. आता खरा कठीण भाग होता. बोकडापासून शेळ्यांपर्यंत मी काडीनं एक रेघ ओढली आणि माझे कान तापले. सासू पाठीशी उभी, समोर वीस बायका, आणि लांबून छत्रीआडून बघणारे एक सोवळे गृहस्थ. मग प्रत्येक शेळीच्या पोटाखाली मी करडं काढत गेले. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. अकरा शेळ्यांखाली तेहेतीस करडं काढून होईपर्यंत माझा हात दुखून आला आणि कुणीही हललं नाही.

आरोक्यम्मानं ती वाळू डावीकडून उजवीकडे पाहिली. मग ती हसायला लागली. पान सांडेपर्यंत हसली, आणि तिच्याबरोबर सगळा किनारा. ती सेतुमाधवरावांकडे बघून काहीतरी ओरडली, आणि या वेळी मी हट्टच धरला, की काय म्हणाली ते सांगा.

"म्हणते," ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "ही पोर असतां ह्या म्हाताऱ्याला कशाला आणिलांत?"

पुढचा सौदा दोघींनी बोटांवर केला आणि तो फार वेळ चालला. पण भांडण किमतीचं नव्हतं. आरोक्यम्माला माहिती हवी होती. तिकडे पाला मिळतो का? पाऊस किती? दुसरा बोकड आहे का, असला तर मारका आहे का? आत्याबाईंनी प्रत्येक गोष्ट हातवारे करून सांगितली. पाऊस कमी पडतो हे सांगताना मात्र त्यांनी थोडी लबाडी केली.

निघताना आरोक्यम्मानं सुक्या मासळीचं एक पुडकं माझ्या हातात दिलं. बसपर्यंत ती आली नाही. आम्ही मागे वळून पाहिलं तेव्हा ती मघाशीच उलटलेली मासळी पुन्हा उलटत होती, आणि आमच्याकडे तिची पाठ होती.

"मागं बघू नगंस," आत्याबाई मला म्हणाल्या, आणि स्वतः तीनदा बघितलं.

पुन्हा मद्रास

बसच्या कंडक्टरनं राजाला टपावर चढवलं आणि सामानाच्या कठड्याला बांधलं. टपावर एका बाईच्या पालेभाजीच्या दोन पाट्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मद्रासला उतरलो तेव्हा पाट्यांत नुसते दांडे होते आणि राजा समाधानानं ढेकर देत होता. ती बाई तमिळमध्ये जे बोलली ते अगदी शब्दन् शब्द कळलं. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली, तिला भाजीचे पैसे दिले, आणि वर आपली शेंगदाण्याची चटणी दिली. मला म्हणाल्या, "पाला खाल्ला. म्हंजी पोट चांगलं हाय."

तुंगाबाईंनी राजाला मागच्या अंगणात बांधायला सांगितलं आणि दर घटकेला शेणाच्या पाण्याचा सडा मारला, तरी बोकडाचा वास तो बोकडाचाच. "हा पालाच खातो न?" त्यांनी विचारलं. सेतुमाधवराव म्हणाले, "सेरी," जे कशाचंच उत्तर नव्हतं. मी ते मासळीचं पुडकं माझ्या लुगड्याच्या घडीत लपवलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते लुगडं मला नेसता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागून आवाज आला म्हणून डोकावले, तर तुंगाबाई आदल्या दिवसाची इडली कुसकरून त्याला भरवत होत्या आणि म्हणत होत्या, "हळू खा रे राजा, कोणी पळवीत नाहीं."

बोकड रेल्वेनं न्यायचा तर त्याला खोका हवा होता. सेतुमाधवराव आम्हाला आणि मापासाठी राजालाही जॉर्ज टाउनात घेऊन गेले. तिथे ते निराळेच झाले. प्रत्येक गल्लीत कुणीतरी "रावगारू" म्हणून, कुणी "अय्या" म्हणून त्यांना नमस्कार करी, आणि हातगाड्या बाजूला होत. राजा सुपाऱ्यांची पोती, दोरांची भेंडोळी, हळदीचे ढीग हुंगत त्यांच्या मागे असा चालला होता, की मोठे व्यापारीच दोघे. एका ओळखीच्या गोदामातून त्यांनी लाकडी खोका मिळवला. विलायतेहून काचसामान आलं होतं त्यात. चारी बाजूंनी लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं, की आत काच आहे, जपून हाताळा. वर एक भोक पाडलं, त्यातून राजाचं डोकं बाहेर.

पार्सलच्या खिडकीवर बाबूनं विचारलं, "हा कशासाठी नेता?" मी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी माझ्याकडे. आणि आमच्या मागून सेतुमाधवराव पुढे झाले, छत्री टेकून उभे राहिले, आणि आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग शुद्ध तंजावरी मराठीत, एकही शब्द न गाळता, सगळं सांगितलं. चांगल्या खणखणीत आवाजात. रांगेतली माणसं वळून बघू लागली.

"पुरे, काका," मी म्हणाले, "कळलं त्यांना."

"नाहीं, लेकी," ते म्हणाले. "मागें एकदां अपुरें सांगिटलें, त्याचें काय झालें तें पाहिलें."

परतीच्या वाटेवर प्रत्येक मोठ्या स्टेशनावर आम्ही ब्रेकच्या, म्हणजे सामानाच्या, डब्याकडे धावत जात होतो. हमाल राजाचा खोका चौघे मिळून, श्वास रोखून, फुलासारखा उचलून ठेवत. लाल अक्षरांपुढे त्यांनी त्या डोक्याकडेही दुर्लक्ष केलं. गोपाळराव नंतर म्हणाले, की त्यांच्या नोकरीत इतक्या अलगद उतरलेलं पार्सल त्यांनी पाहिलं नाही.

घरी

राजा आल्याबरोबर पराक्रम गाजवील अशी चाळीची अपेक्षा होती. त्यानं तीन दिवस कडब्याला तोंड लावलं नाही आणि शेळ्यांकडे पाहिलंही नाही. शिंगमोडीनं त्याला एक धडक दिली, तेव्हा तो माझ्या मागे येऊन लपला. मी मागे सरले नाही, कारण मागे तो होता. आरोक्यम्माचं पुडकं वाटेतच संपलं होतं; चौथ्या दिवशी मी बाजारातून सुकट आणली, बारीक कुटून कडब्यावर भुरभुरली. आत्याबाई दारात उभं राहून बघत होत्या. राजानं सगळा कडबा संपवला आणि संध्याकाळी तो शिंगमोडीच्या मागे मागे फिरू लागला.

पाच महिन्यांनी, थंडी सरताना, शिंगमोडी व्याली. एक करडू झालं, मग दुसरं. आत्याबाईंनी हात धुवायला पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन आले तोवर तिसरं खाली आलं होतं. पांढरं, ओलं, कान एवढे लांब, की उभं राहताना त्यांच्यावरच पाय पडावा. आम्ही दोघी बघत राहिलो. ते दोनदा पडलं. तिसऱ्यांदा उभं राहिलं आणि बरोबर आईच्या कासेला जाऊन लागलं.

आत्याबाई पायरीवर बसल्या. ओले हात त्यांनी पदराला पुसले. मग म्हणाल्या, "कोवलमच्या बाईला कागद लिही. म्हणावं, तीन. आन् तिन्ही उबी हायत."

"लिहिते की. मराठीतच लिहू? काका वाचून सांगतील."

"त्या म्हाताऱ्याला कशापायी? त्यो परत लगीन सांगंल. सरळ तिला धाड."

"पण आत्याबाई, त्यांना मराठी येत नाही. लिहिता-वाचताही येत नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे, एवढी शिकलेली सून आणि एवढंही कळू नये, अशा नजरेनं पाहिलं.

"मंग मोठ्या अक्षरात लिही," त्या म्हणाल्या.